लोकनियुक्त सरपंचाला खाली उतरवताना

आमच्या गावच्या सरपंचांवरचा अविश्वास ठराव मंजूर झाल्यापासून आसपासच्या गावांतून फोन येत राहतात. बहुतेक फोन ग्रामपंचायत सदस्यांचे, त्यातही महिला सदस्यांचे. विचारणं एकच असतं, "ताई, थेट जनतेतून आलेल्या सरपंचाला काढता येतं का हो?" येतं. पण कसं येतं आणि त्यात काय काय सोसावं लागतं, हे फोनवर धड सांगून होत नाही, म्हणून सगळं बसून लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना पदावरून जावं लागलं ते माझ्या यजमानांचे चुलतभाऊ आहेत, त्यांची मुलं गावातल्याच शाळेत जातात, आणि मला जे सांगायचंय त्याला नावाची गरज नाही.

आधी कायद्याचं थोडं, कारण गावोगावी गैरसमज इथेच आहे. पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे आणि नको झाला तर तेच काढायचे. 2017 मध्ये सरपंच थेट मतदारांतून निवडायचा कायदा झाला, 2020 मध्ये तो मागे घेतला गेला आणि 2022 मध्ये पुन्हा आला. आमची निवडणूक 18 डिसेंबर 2022 ची, म्हणजे पुन्हा आलेल्या कायद्याखालची. "लोकनियुक्त सरपंच आहे, पाच वर्षं कुणी हात लावू शकत नाही," असं आमच्याकडे सर्रास बोललं जायचं. खुद्द सरपंचही बोलायचे. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 35 वाचलं तेव्हा कळलं की हात लावता येतो, पण वाट अरुंद आहे. निवडून आल्यापासूनची पहिली दोन वर्षं आणि मुदत संपण्याआधीचे सहा महिने अविश्वास आणता येत नाही. नोटिशीवर दोन तृतीयांश सदस्यांच्या सह्या लागतात, सभेत तीन चतुर्थांश मतं लागतात. एवढं होऊनही सरपंच जात नाही. तो ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो, तिथे गावचे मतदार गुप्त मतदान करतात, आणि त्यांनी मान्य केला तरच पद जातं. गावानं फेटाळला तर पुढची दोन वर्षं पुन्हा विषयच काढता येत नाही.

आमच्या ग्रामपंचायतीत सदस्य अकरा, त्यात आम्ही सहा महिला. मी सरपंचांच्याच पॅनेलमधून निवडून आले. भाऊजींनी, म्हणजे याच सरपंचांनी, उभं राहायचं ठरवलं तेव्हा आमच्या वॉर्डात महिलेची जागा होती आणि बचत गटाचं काम करत असल्यामुळे घरोघरी माझी ओळख होती, म्हणून माझं नाव पुढे आलं. पहिल्या मासिक सभेला मी वही-पेन घेऊन गेले होते. सभा वीस मिनिटांत आटोपली. आम्हा बायकांना चहा दिला आणि रजिस्टरवर सह्या घेतल्या. पुढच्या महिन्यापासून सभाही बंद झाली. शिपाई प्रोसिडिंगचं रजिस्टर घेऊन घरी यायचा, "वहिनी, इथं सही," म्हणायचा. वर ठरावाची जागा कोरी असायची. मी एकदा सही केली नाही तर संध्याकाळी यजमानांना पारावर ऐकून घ्यावं लागलं. बाकीच्या महिला सदस्यांच्या सह्या त्यांच्या नवऱ्यांच्या हातून व्हायच्या, ते तर कुणाला गैरही वाटत नव्हतं.

मला खरी ठेच लागली ती गटाराच्या कामावरून. 15 व्या वित्त आयोगाचे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यावर थेट यायचे, त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे असायचे, आणि कुठल्या कामावर किती रक्कम गेली ते ई-ग्रामस्वराजच्या पोर्टलवर कुणालाही बघता येतं. हे मला बचत गटाच्या एका प्रशिक्षणात कळलं. घरी येऊन मुलीच्या मोबाईलवर आमचं गाव उघडलं. त्यात एक काम होतं, बंदिस्त गटार, जिल्हा परिषद शाळा ते मारुती मंदिर. काम पूर्ण, बिल अदा. आमचं घर त्याच वाटेवर आहे. मी रोज त्या गटारावरून उडी मारून पलीकडे जाते, पावसाळ्यात शाळेच्या पोरांना हाताला धरून पलीकडे नेते. शाळेच्या कोपऱ्यावर सिमेंटचे चार पाइप टाकलेले होते, तेवढंच. बाकी सगळं गटार उघडं, काळं पाणी, वर माश्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना, मी आणि मुलगी टेप घेऊन गेलो. पाइप टाकलेली लांबी मोजली, उघड्या गटाराची मोजली, फोटो काढले. मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि बिलाची प्रत मागितली. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, अर्ज घेताना म्हटलं, "ताई, तुम्ही तर बॉडीतल्याच. अर्ज कशाला? विचारलं असतं तरी सांगितलं असतं." मी म्हटलं, "भाऊसाहेब, विचारून झालंय. आता लिहून द्या." कागद हातात आले तेव्हा मोजमाप पुस्तिकेत पूर्ण लांबी नोंदलेली होती. खाली सह्या होत्या, शिक्के होते. कागदावरच्या गटारातून पाणी व्यवस्थित वाहत होतं.

मी आधी भाऊजींच्या घरी गेले. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर गावात बोललं गेलं की हिनं घरात न बोलता बाहेर तमाशा केला. मी त्यांच्या ओसरीवर बसून कागद समोर ठेवले. म्हटलं, "भाऊजी, हे काम पूर्ण करून घ्या. पावसाळ्याच्या आत करा, मी कुठं बोलणार नाही." ते कागदांकडे बघेनात. म्हणाले, "वहिनी, राजकारणात सगळं मोजमापानं होत नसतं. निवडणुकीचा खर्च तुम्ही केला का?" जाऊबाई आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मी चहा घेतला आणि उठले. त्या दिवसापासून माझ्या मनात शंका राहिली नाही.

गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली. चौकशीचं पत्र निघालं, विस्तार अधिकारी येऊन गेले, अहवाल कुठेतरी राहिला. गैरवर्तनासाठी सरपंचाला काढण्याची तरतूद कलम 39 मध्ये आहे, पण ती चौकशीची वाट. आपल्या हातात नसलेली. एका निवृत्त ग्रामविकास अधिकाऱ्यांनी मला सांगितलं, "तुमच्या हातात एकच आहे. दोन वर्षं होऊ द्या, आणि तोवर माणसं जोडा."

माणसं जोडणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं. अकरा सदस्य आणि पदसिद्ध सदस्य म्हणून सरपंच. नोटिशीला आठ सह्या हव्यात आणि सभेत नऊ मतं. विरोधी पॅनेलचे चार सदस्य होते, ते तयारच होते. पण त्यांतल्या प्रत्येकाचं कारण माझ्या कारणासारखं नव्हतं, हे मी लपवणार नाही. एकाला पाणीपुरवठ्याचं काम आपल्या मेव्हण्याला हवं होतं. एकाची भाऊजींशी बांधाची जुनी केस होती. मी त्यांच्याबरोबर बसले, कारण त्यांच्याशिवाय आकडा होत नव्हता. पण एक अट घातली की नोटिशीत कारणं लिहायची ती फक्त कागदावर सिद्ध होणारी. बांधाचं भांडण, भावकी, कोण कुणाला काय बोललं, यातलं एक अक्षर नको. यावर दोन रात्री खल झाला. "कारणं कशाला एवढी लिहायची, आमचा विश्वास राहिला नाही म्हटलं की झालं," असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं होतं की शेवटी हे गावापुढे जाणार आहे, आणि गावाला आमच्या विश्वासाशी काय करायचंय? गावाला गटार दिसलं पाहिजे.

आमच्या पॅनेलमधून मी आणि आणखी तिघे आले. आठ झाले. मग तो नेहमीचा विषय निघाला, सहलीवर जायचा. नोटीस दिल्यापासून सभेपर्यंत सदस्यांना कोकणात कुठेतरी नेऊन ठेवायचं, फोन काढून घ्यायचे आणि थेट सभेच्या दारात उतरवायचं. गाडी ठरली होती, पैसे कोण देणार तेही ठरलं होतं. आम्ही महिलांनी नकार दिला. घरात म्हातारी माणसं, पोरांच्या परीक्षा, दूधदुभतं, हे तर होतंच. पण त्याहून मोठं कारण मी तिथे बोलून दाखवलं, की ज्याच्या पैशानं आपण आठवडाभर खाऊ-पिऊ त्याचा उद्या सरपंच करावा लागेल. मग आजच्याला काढून काय मिळवलं? पुरुष सदस्य नाराज झाले. त्यांना भीती होती की आम्ही फुटू. शेवटी कुणीच गेलं नाही.

नोटीस विहित नमुन्यात तहसीलदारांना द्यायची असते, सोबत सात जादा प्रती. एकदा दिली की मागे घेता येत नाही, हे कायद्यातच आहे, आणि हे फार चांगलं आहे. कारण नोटीस देऊन बाहेर पडल्यावर गाडीपर्यंत पोचेस्तोवर पहिला फोन आला होता. तहसील कार्यालयात आम्ही आठही जण समोर उभे राहून सह्या करून आलो. अव्वल कारकुनांनी एकेकाचं आधार कार्ड पाहिलं. एका महिला सदस्याच्या वतीनं तिच्या नवऱ्यानं कागद पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "सदस्य कोण? मग त्यांना पुढे येऊ द्या." ती पुढे आली आणि तिनं सही केली. आजवर तिची सही मी रजिस्टरवर पाहिली होती ती नवऱ्याच्या अक्षरातली. ही निराळी होती, मोठी आणि जरा वाकडी.

नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत तहसीलदारांना विशेष सभा बोलवावी लागते आणि तेच अध्यक्ष असतात. ते सात दिवस फार वाईट गेले. भावकीची बैठक आमच्याच ओट्यावर बसली. थोरल्या चुलत सासऱ्यांनी यजमानांना विचारलं, "बायकोला आवरता येत नाही का?" यजमान म्हणाले, "अण्णा, ती सदस्य आहे, मी नाही." एवढं एकच वाक्य ते बोलले, पण मला ते जन्मभर पुरेल. सासूबाईंनी मात्र आठ दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यांचंही दुःख मला कळत होतं. भाऊजींना त्यांनी लहानपणी मांडीवर खेळवलेलं. जाऊबाई एकदा विहिरीवर भेटल्या, काही न बोलता हंडा उचलून निघून गेल्या.

सभेच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर पोलीस गाडी उभी होती. दाराशी तहसीलदारांनी सांगितलं की आत फक्त सदस्य बसतील. सगळे नवरे, दीर, पॅनेलप्रमुख बाहेर. अडीच वर्षांत पहिल्यांदाच आम्ही सहाही जणी त्या खोलीत आपापल्या खुर्चीवर बसलो होतो आणि आमच्या मागे कुणी उभं नव्हतं. शिपायानं दार लावलं. खिडकीतून बाहेरचा गोंगाट येत होता, पण शब्द कळत नव्हते.

रावसाहेबांनी, म्हणजे तहसीलदारांनी, नोटीस वाचली. सरपंचांना बोलायचा अधिकार असतो, मत द्यायचाही असतो. भाऊजी चांगलं बोलले. आवाज चढवला नाही. केलेली कामं सांगितली, स्मशानभूमीची शेड, दलित वस्तीतले दिवे, दुष्काळात लावलेला टँकर. ते सगळं खरं होतं. गटाराबद्दल म्हणाले, "काम चालू आहे, पूर्ण होईल." मी उभी राहिले आणि एवढंच विचारलं, "काम चालू आहे तर बिल पूर्ण कामाचं कसं निघालं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. रावसाहेबांनी दोघांचंही म्हणणं लिहून घेतलं.

मग हात वर करायला सांगितलं. आठ हात आमचे. नववा कुठून येणार, आम्हाला ठाऊक नव्हतं. एका सदस्याशी बोलणं झालं होतं, त्यानं शब्द दिला होता, पण तो खाली बघत बसला. क्षणभर वाटलं, संपलं. तेवढ्यात माझ्या समोरच्या खुर्चीवरच्या बाईनं हात वर केला. ती सरपंचांच्या खास गोटातल्या माणसाची बायको. नोटिशीवर तिची सही नव्हती, तिच्याशी आम्ही कुणी बोललोही नव्हतो, कारण बोलून उपयोग नाही असं सगळ्यांनीच धरलेलं. तिचा धाकटा मुलगा त्या गटाराच्या वाटेवरच्या अंगणवाडीत आहे. रावसाहेबांनी तिला नाव विचारलं, तिनं स्पष्ट सांगितलं. नऊ. बाहेर आल्यावर नवरा तिच्याशी बोलला नाही, आणि पुढचे काही दिवस ती माहेरी होती. याचा हिशेब कुठल्याही इतिवृत्तात येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

गावात फटाके वाजले. मी त्यांना वाजवू नका म्हणून सांगत होते, कारण सरपंच अजून गेले नव्हते. खरं काम तर पुढेच होतं.

विशेष ग्रामसभेची तारीख लागली, जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकारी नेमला, नोटीस चावडीवर चिकटली, दवंडी झाली. मधल्या दिवसांत आम्ही घरोघर गेलो. निवडणुकीच्या प्रचाराची मला सवय होती, पण हे निराळं. निवडणुकीत आपल्याला मत द्या म्हणायचं असतं. इथे लोकांना सांगायचं होतं की तुम्हीच ज्याला मत दिलं त्याच्याबद्दल पुन्हा विचार करा. माणसाला स्वतःचा निर्णय फिरवायला लावणं फार जड जातं. कित्येक घरांत लोक आमचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता दोन-अडीच वर्षं तर राहिलीत, कशाला वाईटपणा?"

आणि भाऊजींबद्दल गावात जिव्हाळा होता, तो खोटा नव्हता. वरच्या आळीतल्या एका आजीनं मला ओसरीवर बसवून सांगितलं, "ह्यांच्या छातीत दुखाया लागलं तवा रात्री दोनला त्यानं गाडी काढली. तू आली व्हतीस का गं?" मी म्हटलं, "नव्हते आले, आजी. त्यांनी केलं ते मोठंच केलं. त्यासाठी मी त्यांच्या पाया पडेन." मग गटाराचा फोटो आणि बिलाची झेरॉक्स त्यांच्या नातवाच्या हातात दिली, त्याला मोठ्यानं वाचायला सांगितलं. आजी रक्कम ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे त्यानं केलं नसतं तर बरं व्हतं." त्यांनी मत कुणाला दिलं मला माहीत नाही, आणि माहीत नसावं हेच गुप्त मतदानाचं मोल. हात वर करायला लावले असते तर रात्री गाडी काढणाऱ्याच्या समोर त्या आजीनं काय केलं असतं?

आम्ही भाषणं केली नाहीत. एकच कागद होता, पुढे पोर्टलवरची नोंद, मागे फोटो आणि मोजमाप. तो घरटी एक दिला. ज्या चार जणांना जुने हिशेब चुकते करायचे होते ते या काळात भाऊजींच्या घरगुती गोष्टी बोलायला लागले. तेव्हा मी आणि दोघी-तिघींनी त्यांना सरळ सांगितलं, हे थांबलं नाही तर आम्ही ग्रामसभेत उभं राहून तुमच्याविरुद्ध बोलू. थांबलं.

भाऊजींच्या बाजूनंही जोर लागला. पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या पोरांसाठी गाड्या लावल्या गेल्या. त्यात चूक काही नाही, ते इथले मतदार आहेत. पण शाळेत बूथ असला की मतदान होतं, ग्रामसभा म्हटलं की आमच्याकडे बायका येत नाहीत. ग्रामसभा म्हणजे पुरुषांनी भांडायची जागा, असं ठरूनच गेलंय. बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत आम्ही एकच समजावलं, की यावेळी बोलायचं नाही, भांडायचं नाही, रांगेत उभं राहून शिक्का मारून घरी यायचं. आदल्या दिवशी महिलांनी ठरवलं की सकाळची कामं उरकून आळीआळीनं एकत्र जायचं.

शाळेच्या मैदानावर मंडप होता. मतदार यादीची पानं चिकटवलेली, आडोशाला कापड लावलेलं टेबल, मतपत्रिका आणि पेटी. ठरावाच्या बाजूनं की विरुद्ध, एवढंच. ऊन चांगलंच तापलं होतं. बायकांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली आणि त्याच उघड्या गटाराच्या कडेनं वळली, नाकाला पदर लावून बायका उभ्या होत्या. जे मी इतके महिने कागदावर दाखवत होते ते त्या दिवशी सगळ्यांच्या पायाशीच होतं. अधिकाऱ्यांनी शिस्त फार चांगली राखली. एकदा दोन पोरांत धक्काबुक्की झाली तेव्हा मतदान थांबवून दोघांना बाहेर काढलं आणि मगच पुढे सुरू केलं.

मोजणी तिथेच झाली, दोन्ही बाजूंची माणसं समोर बसवून. ठराव मान्य झाला. फरक फार मोठा नव्हता. जवळजवळ अर्धं गाव भाऊजींच्या बाजूनं उभं होतं, आणि हे ज्यानं विसरायचं तो पुढे चुकणार. गुलाल उधळायला काही जण पुढे आले. आम्ही बायका मैदानातून निघून आलो.

पुढचं थोडक्यात सांगते. ठरावाच्या वैधतेला सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आव्हान देता येतं, ते भाऊजींनी दिलं, तो त्यांचा हक्क होता. नोटीस नीट मिळाली नाही, मतदार यादी जुनी होती, असे मुद्दे होते. आम्ही प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवली होती, तिचा तिथे उपयोग झाला. ठराव कायम राहिला. कारभार उपसरपंचांकडे आला. पण पेमेंटसाठी सरपंचाच्या नावाची डिजिटल सही लागते, ती बदलून नवीन डोंगल सुरू होईपर्यंत पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगारही अडकला. ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं. सरपंच बदलण्याची किंमत पहिल्यांदा गावातल्या सर्वांत गरीब कर्मचाऱ्याच्या खिशातून जाते. आमच्याकडे सदस्यांनी वर्गणी काढून त्याला उचल दिली.

आता माझं मत. लोकांनी निवडलेल्या माणसाला काढणं अवघड असावं, हे मला पटतं. तीन चतुर्थांशाची अट नसती तर बांधाच्या भांडणावरूनही दर सहा महिन्यांनी सरपंच बदलले असते. शेवटचा शब्द ग्रामसभेचा, हे तर फारच योग्य. पण सुरुवात मात्र फक्त सदस्यांच्या हातात आहे, आणि हे मला खटकतं. ज्या गावात सगळे सदस्य सरपंचांच्या मुठीत असतील तिथे मतदारांनी काय करायचं? मध्य प्रदेशात ग्रामसभेच्या एक तृतीयांश मतदारांनी सही करून नोटीस दिली तर सरपंचाला परत बोलावण्याची प्रक्रिया सुरू होते. हरियाणानंही 2020 मध्ये मतदारांच्या लेखी मागणीवर तसा हक्क दिला. आपल्याकडे ग्रामसभेला निकाल द्यायचा अधिकार आहे, खटला दाखल करायचा नाही. आमच्या गावात ती एक बाई हात वर न करती तर ज्या शेकडो लोकांनी रांगेत उभं राहून मत दिलं, त्यांना कुणी विचारलंही नसतं.

दुसरं, ठरावाची कारणं आणि सरपंचांचं उत्तर, दोन्ही एका कागदावर छापून प्रत्येक घरात सरकारनंच पोचवलं पाहिजे. आम्ही आमच्या पैशानं झेरॉक्स काढल्या म्हणून लोकांना आकडे कळले, आणि आमच्या कागदावर भाऊजींची बाजू नव्हती. ती त्यांनी त्यांच्या परीनं सांगितली, पण तोंडी. मतदाराला दोन्ही बाजू समोर ठेवून ठरवता आलं पाहिजे.

घरात आता बोलणं सुरू झालंय. सासूबाई दोन्ही घरी जातात. जाऊबाईंच्या मुलीच्या साखरपुड्याला मला निरोप आला आणि मी गेले, भाऊजींनी "या" म्हटलं. माहेरी गेलेली ती सदस्य परत आली आहे आणि मासिक सभेला एकटी येते. सभेचा अजेंडा तीन दिवस आधी हातात मिळतो, कोऱ्या पानावर सही कुणी मागत नाही. गटाराच्या कामाची फेरमोजणी झाली, वसुलीचा प्रस्ताव पंचायत समितीकडे गेला आहे. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी मी दोन विषय लेखी दिलेत, वसुलीचं काय झालं आणि उरलेलं गटार कधी होणार.